निवृत्तीचे पैसे कोणाच्या सल्ल्याने गुंतवावेत? (नाशिक)

पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी,

या महिनाअखेरीस मी साठ पूर्ण करून निवृत्त होतोय. सातपूर एमआयडीसीतल्या एका खासगी कारखान्याच्या टूलरूममध्ये उभी हयात गेली. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे मिळून साधारण ६० लाख हातात येतील. ईपीएसचं (पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेचं) पेन्शन महिना साडेसहा हजारांच्या आसपास बसेल. घर स्वतःचं आहे, कर्ज फिटलंय. मुलगी पुण्याला तिच्या संसारात आहे, मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याची फी भरून झाली आहे. सौ. गृहिणी, वय ५६. घरखर्च, औषधं, मेडिक्लेमचा हप्ता, सणवार, आलंगेलं सगळं धरून आम्हा दोघांना महिना ४५ हजार लागतात.

आतापर्यंत चौघांशी बोलणं झालं आहे.

पहिला आमच्या बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर. त्याची योजना अशी: दरवर्षी १० लाख याप्रमाणे पाच वर्षं भरायचे. सहा वर्षं पूर्ण झाली की दरवर्षी ४ लाख मिळायला लागतात, ते वीस वर्षं मिळतात, आणि शेवटच्या हप्त्याबरोबर भरलेले ५० लाख परत. "८ टक्के गॅरंटीड आणि करमुक्त" असं त्याने कागदावर लिहून दाखवलं.

दुसरं कॉलेज रोडवरचं एका ब्रोकरचं ऑफिस. ते म्हणतात ५० लाख पीएमएसमध्ये (तुमच्या नावाने शेअर्स घेऊन-विकून पैसे सांभाळणारी सेवा) टाका, आमचे तज्ज्ञ सांभाळतील, तुम्ही निर्धास्त राहा.

तिसरा म्युच्युअल फंडाचा वितरक. कारखान्यातल्या बऱ्याच जणांचं काम तोच बघतो, माझी छोटी एसआयपीही त्याच्याकडेच आहे. माणूस चांगला आहे. तो म्हणतो, सगळी रक्कम चार फंडांत टाकू आणि एसडब्ल्यूपी (दरमहा ठरावीक रक्कम काढून घ्यायची सोय) लावून दरमहा पैसे काढू. फी काही नाही.

चौथा मुलीच्या ओळखीतून कळलेला, सेबीकडे (शेअर बाजाराची नियामक संस्था) नोंदणी असलेला गुंतवणूक सल्लागार. तो पहिल्या वर्षी ३० हजार फी घेणार, पुढे दरवर्षी आढाव्याचे १२ हजार. स्वतः काहीच विकत नाही म्हणाला.

तिघं फुकट सांगताहेत, मग चौथ्याला ३० हजार का द्यायचे, हा सौ.चा प्रश्न आहे आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. नाशिकमध्ये ज्यांनी हा निर्णय घेतलाय त्यांनी काय पाहिलं, काय तपासलं, ते कृपया सांगा. कंपन्यांची किंवा माणसांची नावं नकोत, विचार कसा करावा ते हवंय.


देवळालीकर

वाचतेय. आमच्याकडे पुढच्या वर्षी हीच वेळ येणार आहे.


रामशेज

मी बँकेतूनच निवृत्त झालो, त्यामुळे पहिल्या योजनेबद्दल आधी बोलतो.

५० लाख भरले आणि वर्षाला ४ लाख मिळाले, म्हणून ८ टक्के, असा तो हिशोब आहे. पण त्यात काळ धरलेलाच नाही. तुमचा पहिला हप्ता आज जातो आणि पहिला पैसा सहा वर्षांनी हातात येतो. कोणत्या वर्षी किती गेले आणि किती आले ते एक्सेलमध्ये मांडून आयआरआर, म्हणजे काळ धरून पडणारा खरा वार्षिक परतावा, काढा. मी आत्ताच काढून बघितला, साधारण ६.२ टक्के येतो. आणि शेवटचे ५० लाख तुम्ही ८५ वर्षांचे झाल्यावर मिळणार.

दुसरं, करमुक्तीचं. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या पारंपरिक विमा पॉलिसींचा वार्षिक हप्ता, सगळ्या पॉलिसी मिळून, ५ लाखांच्या वर गेला तर मिळणाऱ्या रकमेवरची करसवलत जाते. तुमचा हप्ता १० लाखांचा आहे. म्हणजे 'करमुक्त' हा शब्द तुमच्या बाबतीत खोटा आहे, आणि हे त्या मुलाला माहीत नसेल तर त्याने तो शब्द वापरायला नको होता.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तुम्हाला घरखर्चाला पैसे पुढच्या महिन्यापासून हवेत. पहिली सहा वर्षं काही न देणारी, उलट पाच वर्षं दरसाल १० लाख मागणारी योजना साठीच्या माणसापुढे ठेवावीच कशाला? त्या मुलावर टार्गेट असतं, दर महिन्याला असतं, आणि विमा विकला की शाखेला कमिशन मिळतं. तो माणूस म्हणून वाईट नसेलही, पण तो ज्या खुर्चीवर बसलाय तिथून तुमचं हित दिसत नाही. कोणी भरीला घालून सही करून घेतलीच असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांच्या फ्री लुक मुदतीत ती परत करता येते. ही मुदत आधी १५ दिवस होती, २०२४ पासून ३० झाली.


मखमलाबाद

काका, पीएमएसला सरळ नाही म्हणा. पीएमएसची किमान रक्कमच सेबीने ५० लाख ठेवली आहे. ती मर्यादा मुद्दाम उंच ठेवलेली आहे, कारण ज्याच्याकडे बरीच संपत्ती आहे आणि त्यातला थोडा भाग जोखमीत टाकायचाय त्याच्यासाठी ते आहे. ६० लाख ही आयुष्यभराची पुंजी असलेल्या माणसाला त्यातले ५० लाख तिथे टाका असं सांगणाऱ्याने तुमच्या खात्यातला आकडा पाहिला, तुमच्याकडे पाहिलं नाही. बाजार २० टक्के खाली आला आणि त्याच वर्षी तुम्हाला घरखर्चाला पैसे काढावे लागले, तर पडलेल्या भावात विकलेलं परत भरून येत नाही. नोकरी चालू असताना अशी पडझड सोसता येते. निवृत्तीच्या पहिल्या चार-पाच वर्षांत आली तर पुढची सगळी वर्षं तिचा भार वाहतात.

ब्रोकरकडे खातं उघडलंच तर फ्युचर्स-ऑप्शन्सच्या (भावाच्या चढउतारावर लावलेल्या सौद्यांच्या) चौकटीवर टिक करू नका. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले होते: २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांनी पैसे घालवले, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता.


द्राक्षवेल

इथे वितरकांबद्दल लगेच वाईट बोललं जाईल म्हणून आधीच लिहिते.

माझे वडील गेले तेव्हा त्यांची गुंतवणूक सात-आठ फंड कंपन्यांत पसरलेली होती. आई निफाडला, मी इथे, भाऊ परदेशात. आमच्या वितरकाने मृत्यूचे दाखले, केवायसी, नॉमिनीचे अर्ज, बँकेच्या सह्या हे सगळं स्वतः फिरून केलं. आईला एकदाही कुठल्या ऑफिसच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत. वर्षानुवर्षं त्यांना जे कमिशन मिळालं ते त्यांनी त्या महिन्यांत फेडलं असं मी मानते. सल्ला इंटरनेटवरही मिळतो. पण अडल्या वेळी दारात येणारा माणूस मिळत नाही.

त्यामुळे 'कमिशन घेतो म्हणजे फसवतो' असं सरसकट म्हणू नये.


चामरलेणी

द्राक्षवेल, तुमचं म्हणणं पटतंय, आणि चांगला वितरक हा चांगलाच असतो. पण 'फी काही नाही' हे वाक्य मला खटकतं. कमिशन गुंतवणूकदाराच्याच पैशातून जातं. फंडाच्या रेग्युलर (वितरकामार्फतच्या) प्लॅनचा खर्च डायरेक्ट (थेट फंडाकडून घेतलेल्या) प्लॅनपेक्षा जास्त असतो, तो फरक म्हणजे वितरकाचा मेहनताना. डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून सगळ्यांना खुले आहेत. फरक ०.८ टक्के धरला तर ६० लाखांवर वर्षाला ४८ हजार होतात, आणि दरवर्षी होतात. सहामाही एकत्रित स्टेटमेंट येतं त्यात वितरकाला किती रक्कम गेली तो आकडा छापलेला असतो. कोणीही उघडून बघावा.

आता पाथर्डीफाटा यांना एक प्रश्न विचारतो, आणि माझ्या मते या धाग्यात सगळ्यांत आधी हाच विचारायला हवा होता. तुमचा महिन्याचा खर्च किती आणि सौ.चं वय काय, हे त्या चौघांपैकी कोणी कोणी विचारलं?


पाथर्डीफाटा

प्रामाणिकपणे सांगायचं तर फक्त चौथ्याने. त्याने भेटीआधी एक लांबलचक फॉर्म पाठवला. त्यात खर्च, विमा, आजार, दोघांच्या आईवडिलांचं आयुष्यमान, मुलाच्या लग्नाचा विचार असं सगळं होतं. सौ.लाही बरोबर घेऊन या म्हणाला. बाकी तिघांनी रक्कम किती आणि कधी जमा होणार एवढंच विचारलं.


चामरलेणी

मग तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं. उरलेलं निम्मं हिशोबातून मिळेल. तो मांडतो.

ज्येष्ठ नागरिक बचत योजना. सध्या ८.२ टक्के. एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, ही मर्यादा २०२३ च्या अर्थसंकल्पात १५ वरून वाढवली. ज्या दराने खातं उघडाल तो पाच वर्षं कायम राहतो. ३० लाखांवर वर्षाला २ लाख ४६ हजार, म्हणजे दर तीन महिन्यांनी ६१,५०० खात्यात. महिन्याच्या हिशोबाने २०,५००.

पोस्टाची मासिक उत्पन्न योजना. ७.४ टक्के, संयुक्त खात्यात १५ लाखांपर्यंत. महिना ९,२५०.

त्यात पेन्शन साडेसहा हजार मिळवा. एकूण ३६,२५० झाले. सरकारी हमीचे, आणि यासाठी कुठल्याही सल्लागाराची गरज नाही, पोस्टात जाऊन अर्ज भरायचा.

म्हणजे ज्या रकमेसाठी तुम्ही माणूस शोधताय ती ६० लाख नाहीच, ती १५ लाख आहे. चौघांपैकी तिघांनी हे का सांगितलं नसेल, तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर एजंटाला मिळणारं कमिशन सरकारने डिसेंबर २०११ पासून बंद केलं. विकून काही मिळत नाही ती गोष्ट कोणी दारावर घेऊन येत नाही.

पण इथे थांबलो तर मीही तुम्हाला अर्धवटच सांगितल्यासारखं होईल. आज ३६ हजार येतात आणि ४५ लागतात. हे ४५ हजार महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांत ९० हजार होतात. पोस्टाचं व्याज मात्र आहे तिथेच राहतं. मी तुमचा खर्च दरवर्षी ६ टक्के वाढवत आणि सगळ्या पैशावर सरासरी ८ टक्के परतावा धरत वर्षावर वर्ष मांडत गेलो. ६० लाख चौदा-पंधरा वर्षांत संपतात. तुम्ही तेव्हा पंच्याहत्तरीला आलेले असाल आणि वहिनी सत्तरीच्या पुढे.

पेन्शन वजा जाता पहिल्याच वर्षी तुम्ही पुंजीच्या पावणेआठ टक्के काढणार आहात. यावर कुठलाही फंड, कुठलीही पीएमएस इलाज करू शकत नाही. यावर इलाज दोनच आहेत, खर्च खाली आणणं किंवा आणखी काही वर्षं थोडंफार कमावणं. आणि हे तोंडावर सांगणाऱ्या माणसाला पैसे द्यावेत. जो विकायला बसलाय तो हे सांगणार नाही, कारण ते सांगितलं तर विकायला काहीच उरत नाही.


पाथर्डीफाटा

चामरलेणी, तुमचा प्रतिसाद सौ.ला मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. हे आकडे आम्हाला कोणी दाखवलेच नव्हते. मनापासून आभार.


मखमलाबाद

एक मुद्दा नाशिककरांसाठी मुद्दाम लिहितो, विषयाला थोडा सोडून वाटला तरी.

निवृत्तीचे पैसे आले की ओळखीपाळखीतून 'दहा-अकरा टक्के देणारी' पतसंस्था पुढे येते. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेसकट, ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचं) विमासंरक्षण आहे, ते फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून वाढलं. हे ५ लाख मुद्दल आणि व्याज मिळून, आणि एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखा धरून. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. चेअरमन आपल्या गावचा असो की आपल्या नात्यातला, संरक्षण नाही ते नाही.

२०१४ मध्ये केबीसी मल्टीट्रेडचं प्रकरण इथेच फुटलं होतं. थोड्या काळात पैसे अनेक पट होणार म्हणून जिल्ह्यातल्या गावागावांतून लोकांनी पैसे भरले होते, कित्येकांनी नातेवाइकांनाही ओढलं. आमच्या गल्लीत एका घरात भाऊ भावाशी अजून बोलत नाही. अशा प्रकरणांत ठेवीदारांसाठी १९९९ चा एमपीआयडी (महाराष्ट्राचा ठेवीदार हितसंरक्षण) कायदा आहे, मालमत्ता जप्त होते, लिलाव होतात, पण त्याला वर्षंच्या वर्षं जातात. साठीनंतर माणसाकडे पैसा एक वेळ परत येईल, वर्षं येत नाहीत.

आता तेच लोण व्हॉट्सॲपवर आलंय. 'तज्ज्ञांचा ग्रुप', त्यात रोज कोणी ना कोणी नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतो, मग एक ॲप डाउनलोड करायला लावतात. ॲपवर पैसे वाढताना दिसतात आणि काढायला गेलं की आधी 'कर' भरा म्हणतात. असं झालं तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.


गोदातीर

मी इथे फारसं लिहीत नाही. पण त्या सल्लागाराने 'सौ.लाही घेऊन या' म्हटलं ते वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

माझे मिस्टर सगळं स्वतः बघायचे. हुशार होते, हिशोबाला पक्के होते. मला कधी काही कमी पडू दिलं नाही आणि कधी काही सांगितलंही नाही. ते अचानक गेले तेव्हा डिमॅट म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. त्यांचा ब्रोकर मला फोनवर अमुक विका, तमुक घ्या सांगत होता आणि मी हो म्हणत होते, कारण नाही म्हणायला लागणारी माहितीच माझ्याकडे नव्हती. माझ्या भाच्याने येऊन ते थांबवलं.

तेव्हा पाथर्डीफाटा दादा, सल्लागार निवडताना माझी एकच विनंती आहे. तो तुमच्याशी बोलतो तसा वहिनींशी बोलतो का ते बघा. त्यांनी साधा प्रश्न विचारला तर तुमच्याकडे बघून उत्तर देतो की त्यांच्याकडे बघून? तुमच्यामागे हाच माणूस त्यांच्यासमोर बसणार आहे. वय बघता त्यांनाच जास्त वर्षं हे पैसे सांभाळायचे आहेत.

पोस्टातलं आणि बँकेतलं प्रत्येक खातं जमेल तिथे दोघांच्या नावावर करा. नॉमिनी लावा, आणि मृत्युपत्रही करा. नॉमिनी लावला की काम झालं असं आम्हीही समजत होतो, पण नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा असतो, वारसाहक्क त्याने बदलत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं.


द्राक्षवेल

गोदातीर ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. हे वाचून मी आज घरी बसून ह्यांच्याकडून सगळ्या खात्यांची यादी लिहून घेतली.


रामशेज

तपासणीबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो.

सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मध्यस्थांची यादी आहे. गुंतवणूक सल्लागाराचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो, ब्रोकरचा 'आयएनझेड'ने. म्युच्युअल फंड वितरकाला ॲम्फीचा (फंड कंपन्यांच्या संघटनेचा) एआरएन हा नोंदणी क्रमांक असतो. व्हिजिटिंग कार्डवर 'वेल्थ मॅनेजर', 'फायनान्शियल कोच' असं काहीही छापता येतं, त्याला अर्थ नाही. क्रमांक बघा, आणि यादीतला ईमेल व फोन तुमच्याशी बोलणाऱ्याचाच आहे ना तेही जुळवा. दुसऱ्याचा क्रमांक वापरून फसवणारेही असतात.

नोंदणीकृत सल्लागाराने ग्राहकाशी लेखी करार करायचाच असतो आणि त्यात फी लिहायची असते. ठरावीक फी घेत असेल तर एका कुटुंबाकडून वर्षाला १ लाख ५१ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि मालमत्तेच्या टक्केवारीने घेत असेल तर अडीच टक्के ही मर्यादा. रोखीने फी मागितली तर उठून या, ते नियमातच बसत नाही. ज्या कुटुंबाला सल्ल्याची फी लावली त्यालाच कमिशनवाली उत्पादनं विकता येत नाहीत. परताव्याची हमी दिली तरी उठून या.

देशभरात मिळून असे सल्लागार हजाराच्या आसपासच आहेत, त्यामुळे नाशिकमध्ये निवड फार नाही. पुण्या-मुंबईचा व्हिडिओ कॉलवर बोलणारा चालत असेल तर पर्याय वाढतात.

कोणाकडेही जा, फीशिवाय एक रुपयाही सल्लागाराच्या खात्यात जाता कामा नये. फंडाचे पैसे तुमच्या बँक खात्यातून थेट फंडाकडे, शेअर्स तुमच्या डिमॅटमध्ये (शेअर्स ठेवायच्या खात्यात). डिपॉझिटरीकडून (डिमॅट खाती जिच्याकडे असतात ती संस्था) येणारं एकत्रित स्टेटमेंट ईमेलवर चालू ठेवा आणि ते स्वतः उघडून वाचा. २०१९ मध्ये कार्वीचं प्रकरण झालं तेव्हा ग्राहकांचे शेअर्स ब्रोकरने परस्पर तारण ठेवले होते. मोठं नाव, जुनी कंपनी, गावोगावी शाखा, तरीही. त्यानंतर तारणाचे नियम कडक झाले, पण स्टेटमेंट वाचण्याला पर्याय नाही. तक्रार करायची तर सेबीचं स्कोअर्स पोर्टल आहे, बँकेविरुद्ध असेल तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल.


द्राक्षवेल

एक शंका. आता प्रश्न १५ लाखांचाच राहिला असेल, तर वितरकाचं ०.८ टक्के म्हणजे वर्षाला १२ हजारच होतात. सल्लागाराच्या आढाव्याची फीही तेवढीच. वर पहिल्या वर्षीचे ३० हजार वेगळे. मग वितरकच स्वस्त पडला ना?


चामरलेणी

१५ लाखांपुरतं बघितलं तर हो, वितरक स्वस्त पडतो. हे मान्य करायला हवं. पण वितरकाने ६० लाख चार फंडांत टाकायला सांगितलं होतं. ४५ लाख पोस्टात ठेवा हे सांगितल्याने त्याचं वर्षाचं ३६ हजारांचं कमिशन जातं. ३० हजार फी ही १५ लाख सांभाळण्याची नसून ६० लाखांचा आराखडा काढण्याची, मेडिक्लेम पुरेसा आहे का बघण्याची, किती वर्षं पुरेल ते सांगण्याची आहे. एकदा आराखडा हातात आला की पुढचे १५ लाख वितरकामार्फत गुंतवले तरी माझी हरकत नाही, वहिनींना दारात येणारा माणूस हवा असेल तर नक्कीच.

मी स्वतः मात्र दरवर्षीचा आढावा सोडणार नाही. पाच वर्षांनी पोस्टाच्या दोन्ही योजनांची मुदत एकदमच संपेल, तेव्हाचे दर काय असतील कोणालाच माहीत नाही. तोपर्यंत वहिनी साठीच्या पुढे गेलेल्या असतील, म्हणजे त्यांच्या नावावर वेगळे ३० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवता येतील. मासिक योजनेतले १५ लाख तिकडे वळवायचे की फंडांत, हा निर्णय तेव्हा विचारपूर्वक घ्यावा लागेल.


पाथर्डीफाटा

मंडळी, काल आम्ही दोघं त्या सल्लागाराला भेटून आलो. आधी सेबीच्या यादीत क्रमांक, ईमेल, फोन जुळवून पाहिले, जुळले.

भेटीत मी मुद्दामच चामरलेणी यांचे आकडे सांगितले नाहीत. त्याने स्वतःहून तेच काढून दाखवलं, थोड्या फरकाने. म्हणाला, तुमची रक्कम कमी नाही, पण खर्चाच्या मानाने पुरत नाही. सौ.ने विचारलं की मग आम्ही करायचं काय, तर तिच्याकडे वळून त्याने कागदावर खर्च दोन भागांत लिहायला लावला, टाळता न येणारा आणि टाळता येणारा. तिनेच तो लिहिला. ४५ चे ३९ हजार तिथेच झाले. तिला सहा हजार कुठे कमी करता येतील हे माझ्यापेक्षा जास्त नेमकं माहीत होतं.

कमाईचं म्हणाल तर अंबडच्या एका छोट्या कारखान्याने आठवड्यातून तीन दिवस डाय-मेकिंगचं काम बघायला बोलावलं आहे, मुलांना शिकवायचंही आहे. महिना २० हजार देतील. प्रकृती साथ देईल तोवर करेन. ते पैसे येत असेपर्यंत १५ लाखांना हात लावायचा नाही असं ठरवलं.

त्या १५ मधले ५ लाख बँकेत मुदत ठेवीत, दवाखान्यासारख्या अडचणीला. उरलेले १० लाख फंडांत, एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. कोणते फंड ते आराखड्यात येईल. जुनी एसआयपी वितरकाकडेच राहू देणार आहे, त्याने कधी वावगं केलेलं नाही. बँकेला आणि ब्रोकरला नकार कळवला.

एक विचारायचं राहिलं. करारात 'ग्राहकाने सेवा मध्येच थांबवल्यास' असं कलम आहे, फी आगाऊ भरायची आहे. त्यात काय बघावं?


रामशेज

न वापरलेल्या काळाची फी परत मिळेल असं स्पष्ट लिहून घ्या आणि किती दिवस आधी कळवायचं तेही. तुमच्या नावाने व्यवहार करण्याचा अधिकार सल्लागाराला देणारं कलम असेल तर ते काढायला सांगा, तुम्हाला त्याची गरज नाही. करारावर वहिनींचंही नाव घाला, म्हणजे पुढे त्यांना सेवा चालू ठेवण्यासाठी नव्याने काही करावं लागणार नाही.


पाथर्डीफाटा

तिन्ही गोष्टी आजच ईमेलने कळवतो. पोस्टात खातं उघडायला कोणकोणते कागद लागतात ते कोणी नुकतंच केलं असेल तर सांगा, म्हणजे दोघांची एकच फेरी होईल.


देवळालीकर

सासऱ्यांचं आत्ताच केलं. आधार, पॅन, वयाचा पुरावा, दोन फोटो आणि चेक. १ लाखाच्या वरची रक्कम चेकनेच घेतात, रोख चालत नाही. संयुक्त खात्यासाठी वहिनींचेही हेच कागद आणि फोटो न्या. सकाळी लवकर जा, दुपारनंतर आमच्याकडे सर्व्हर फार रखडतो.